गच्चीच्या फटीतली वटवाघळं

मोहने, गुरुवार, संध्याकाळ

आज सोसायटीचे सेक्रेटरी सावंत गवंड्याला घेऊन थेट गच्चीवर आले. पाण्याच्या टाकीखालच्या फटीत छोटी वटवाघळं राहतात, डास तिथूनच येतात म्हणून ती फट म्हणे आजच बुजवायची. मी आडवी गेले. शाळेत एवढी वर्षं विज्ञान शिकवलंय, गप्प कशी बसणार!

"बाई, इथे डासांनी पोरं आजारी पडतायत आणि तुम्हाला वाघळांची पडलीय?"

"अहो, हीच तर डास खातात. आणि आत पिल्लं आहेत. ऐका जरा."

फटीतून बारीक चिवचिव येत होती. गवंड्याने घमेलं खाली ठेवलं. "लेकुरवाळीचं घर मी नाय बुजवणार, साहेब."

सावंत वरमले. पिल्लं उडेपर्यंत थांबू म्हणाले. पण नुसत्या वाघळांनी डास हटणार नाहीत, हे मलाही कळतं. मग तिघांनी गच्ची धुंडाळली, तर टाकीमागच्या उघड्या ड्रममध्ये अळ्याच अळ्या! ड्रम सावंतांनीच उपडा केला.

चहा होईपर्यंत अंधारलं. फटीतून एकेक वटवाघूळ सुटू लागलं. सावंत बघतच राहिले. मग हळूच फोनवर बायकोला म्हणाले, "अगं, पोरांना घेऊन वर ये. लवकर."