संडासाला कुणाचं नाव

१० मार्च
राहात्याहून आत्ता आले. दोन एसट्या बदलून. रोजा सोडला, खजूर तोंडात टाकला आणि पुन्हा संताप आला, म्हणून आधी हे लिहिते, भाकरी नंतर.

पेरूचे व्यापारी आहेत, शेठ म्हणतात सगळे. माणूस वाईट नाही. रोजा आहे कळल्यावर स्वतःचा चहाही मागे धाडला. राजूरला मुलींचं उन्हाळी शिबिर म्हटल्यावर खूश. मग मी यादी सांगितली. दोन संडास, दोन न्हाणीघरं, दारं-कड्यांसकट, वर पाण्याची टाकी. शेठ म्हणाले, आपण कमान बांधू. दगडी. आईच्या स्मरणार्थ. मी म्हटलं, आमचा शिबिराचा माळ चारी बाजूंनी उघडा आहे, कमानीतून कशात शिरायचं?

"मॅडम, तुम्ही समजून घ्या. आईचं नाव मी संडासावर टाकू का?"

मग नाव टाकूच नका, म्हटलं. ते तर त्यांना मुळीच पटलं नाही.

११ मार्च
शाळेत दिवसभर घसा कोरडा. पण माझा रोजा मी धरलाय. संध्याकाळी सुटतो. मुलींवर हा रोजा कुणी लादला?

हिराचं लिहायलाच हवं. आजवर टाळलं. आठवीतली मुलगी, लाठी फिरवायला लागली की जवळ उभं राहायची सोय नाही. गेल्या मे महिन्यात, शिबिराच्या तिसऱ्या दिवशी, गड चढताना मागे पडायला लागली. मी ओरडले. "नाटकं करू नकोस, हिरा." वीस पावलांवर कोसळली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पोरगी पाणीच पीत नाहीये. नंतर बाकीच्यांना विचारलं तर खाली मान घालून सांगितलं, दिवसा पाणी प्यायचं नाही असं सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. माळावर आडोसा नाही, शेजारून रस्ता. उजाडायच्या आत एकदा जायचं, मग अंधार पडल्यावर.

आणि व्यायामाची शिक्षिका मी. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही डॉक्टरकडून. नाटकं म्हणाले मी तिला.

१८ मार्च
संस्थेची मीटिंग. अध्यक्षसाहेबांनी (यापुढे अ.सा., पूर्ण लिहायची इच्छा नाही) शेठना परस्पर फोन करून कमान मंजूर करून टाकली. राहात्याला हेलपाटा मी मारला, आभाराचा ठराव अ.सा.च्या नावाने. अकोले तालुक्यातले एक पुढारी मुलींना टोप्या देणार, टोपीवर त्यांचा फोटो. आणखी एकजण स्पीकर देतोय. संडास म्हटलं की सगळ्यांचे हात वर.

अ.सा. हसत म्हणाले, "तुम्हाला जमत असेल तर बांधा की संडास. जागा संस्थेची आहे, नाही कोण म्हणतंय." चिवडा खात होते. मी म्हटलं, इतिवृत्तात लिहा तसं. क्लार्कने लिहिलं. माझ्यासमोर.

घरी नवऱ्याला, रियाजला सांगितलं. तो म्हणाला, आवाज कमी कर, शेजारी ऐकतात. ऐकू देत.

४ एप्रिल
ईद, पाहुणे, शीरखुर्मा. आज कुठे मोकळी झाले. हिराच्या वाडीवर गेले, शिबिराचा फॉर्म घेऊन. हिरा दारातच होती, मला पाहून आत पळाली. आई सखूबाई, राजूरच्या बाजारात भाजी-करवंदं विकते. तिने पाणी दिलं, घोंगडी टाकली आणि सरळ नाही म्हणाली. नवरा आडवा येईल असं वाटलं होतं, तो तर कोपऱ्यात गप्प बसून होता.

"तुमी चांगल्या हाय मॅडम. पन न्हाई पाठवायची. माजी सासू आशीच गेली. पहाटंची भायेर गेल्ती, आंधारात सापावर पाय पडला, चावला. पोरीला मी त्याच आंधारात धाडू व्हय?"

मी सगळं सांगत बसले, शेठ, कमान, आईचं नाव. वाटलं ती हसेल. हसली नाही. भाजी निवडत राहिली, मग म्हणाली,

"आमच्या म्हातारीचं टाका. यमुनाबाई. तिला न्हाई लाज वाटायची."

परत येताना स्कूटी दोनदा बंद पडली. मी रडत होते म्हणून असेल, चोक ओढायचं सुचलंच नाही.

९ एप्रिल
बाजार. सखूबाई मला हाताला धरून पाल न् पाल फिरली. मी नुसती मागे. ती प्रत्येकीला एवढंच म्हणायची, पोरींच्या संडासाला द्या, यमुना म्हातारीच्या नावानं. कुणी नोट काढली, कुणी चिल्लर. सुकट विकणारीने कमरेची पिशवीच उलटी केली. एकीनेही विचारलं नाही की आमचं नाव कुठे येणार. एक जण मात्र लांबून ओरडला, "संडासाची वर्गणी लई गोळा झाली का?" मी त्याच्याकडे जाऊन उभी राहिले. त्याला तीन मुली आहेत, नावं मला पाठ आहेत, तिघींची घेतली. दिले त्याने.

सखूबाईचा भाऊ गवंडी. मजुरी घेणार नाही म्हणतो. बचत गटाच्या बायका सिमेंट देतायत. अ.सा.ने शेठना संडासासाठी एक फोन केला असता तर सगळं एका दिवसात झालं असतं, हे डोक्यातून जात नाही.

२६ एप्रिल
भिंती झाल्या, पत्रा चढला. टाकी आली. समोर शेठची कमानही उभी राहिली. दारांना आतून कडी. मी स्वतः आत जाऊन लावून पाहिली, चार वेळा. पेंटरने निळ्या अक्षरांत लिहिलं: कै. यमुनाबाई यांच्या स्मरणार्थ, राजूर बाजारातील भगिनींकडून. सखूबाईला वाचता येत नाही. बोटाने अक्षरं फिरवत होती, रंग ओला होता, बोट निळं झालं.

अ.सा. आले. आधी फोटो काढून घेतला. मग वाचलं. म्हणाले, कमानीवर शेठच्या मातोश्रींचं नाव आणि बरोब्बर समोर हे, बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग कमान हलवा.

गाडीत बसताना दार जोरात लावलं त्यांनी.

३ मे
डोकं फुटायची वेळ आली आहे.

संडासांना कुलूप. चारीही दारांना. अ.सा.ने शिपायाला लावायला सांगितलं. कमान आणि संडास, दोन्हींचं उद्घाटन एकदम, शेठ आणि कुणी साहेब येणार. साहेबांची तारीख मिळाली ती शिबिराच्या पाचव्या दिवसाची. तोवर वापर नको, पाहुण्यांसमोर घाण दिसेल. चाव्या अ.सा.च्या घरी.

फोन केला. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे मॅडम. गेल्या वर्षी नव्हतेच की."

गेल्या वर्षी नव्हतेच. खरंच असं म्हणाला हा माणूस. मी फोन ठेवला.

४ मे
अ.सा.च्या घरी गेले. चावी मागितली. नगरला गेलेत, असं बाईंनी सांगितलं. चपला दारात होत्या.

७ मे
शिबिर सुरू. बेचाळीस मुली. हिरा आली. सखूबाई सोडायला आली होती, लांबूनच निळी अक्षरं बघून, समाधानाने बाजाराला गेली. कुलपं तिच्या लक्षात आली नाहीत. मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, माझी नव्हे, संस्थेची.

अकरा वाजता ऊन चढलं. लाठीचा सराव थांबवून पाणी प्या म्हटलं. मुली पिंपापाशी गेल्या, ओठ ओले केले, परत आल्या. हिराने तर ग्लास उचललाच नाही. नुसती दाराकडे बघत होती.

तंबूच्या खुंट्या ठोकायचा हातोडा होता. पहिलं कुलूप तीन घावांत तुटलं. दुसरं जिकिरीचं, हात सोलला. चौथं हिराने तोडलं. नको म्हणायला हवं होतं मी, विद्यार्थिनी आहे. म्हटलं नाही.

दुपारी अ.सा.चा फोन. शिपायाने कळवलं होतं. लेखी खुलासा मागितलाय, संस्थेच्या मालमत्तेची नासधूस. उद्या स्वतः येणार, शिबिर बंद करायचं का ते तिथेच ठरवू म्हणाले. मुलीने कुलूप तोडल्याचं त्यांना अजून माहीत नाही. खुलाशात चारी कुलपं मी तोडली असं लिहिलंय. रियाज फोनवर म्हणतो, माफीचं एक वाक्य घाल शेवटी. घातलेलं नाही. बघू सकाळी.

गेल्या वर्षी एक पिंप पाणी तीन दिवस पुरलं होतं आणि मुली काटकसरी आहेत असं मी अहवालात कौतुकाने लिहिलं होतं. आज संध्याकाळपर्यंत दोन पिंपं संपली. उद्यासाठी टँकरवाल्याला सांगितलंय, लवकर ये म्हणून.