डावा हात आणि पंखा

३ फेब्रुवारी, सोमवार
डावा हात थरथरत न्हाई. थंडी हाय. बशी वाजली ती बशीच हलकी म्हणून. पण माझ्या पोराला, मल्लिनाथला, कोण सांगणार? लातूरहून त्याचा फोन. रविवारी सुनेला, मंजुश्रीला, घेऊन येतो म्हणला, हात हालताना दिसला तर निलंग्याचं घर बंद, तू आमच्यासोबत. चौथ्या मजल्यावर! मी म्हणलं, मला काय कुंडीत लावतो का. हसला न्हाई. म्हणजे पक्कं ठरवलंय.

४ फेब्रुवारी
मागल्या गल्लीतल्या शेषेरावकडं गेले. शाळेच्या गॅदरिंगला जादू करतो. कबुतर खरं, दाढी विकतची. म्हणलं, हात झाकायची विद्या शिकव. म्हणला, मावशी, हात झाकायचा न्हाई, लोकायची नजर फिरवायची. आपण जिकडं बघू तिकडं लोक बघतात. आपणच हाताकडं बघितलं की खेळ खलास. आन् ऐन वेळी सवाल टाकायचा. जवाब हुडकणाऱ्याला समोरचं दिसत न्हाई.
एवढंच? हे मी सासूसमोर वीस वर्षं केलं. चौथी पास हाय, पण ही थेरी मला पाठ.

५ फेब्रुवारी, दुपारी ४
शेजारच्या कस्तुराबाईवर प्रॅक्टिस. चहा देताना वर पंख्याकडं बघितलं. ती बी बघायली. चहा सांडला, पण तिच्या लुगड्यावर, आन् तिला कळलं उशिरा. मी पास.

७ फेब्रुवारी
शेषेराव म्हणला, दर वेळी पंखा नको, लोक वळखतात. त्यानं मला शिकवू नये. त्याचं कबुतर चाकूरच्या शाळेत उडालं ते अजून आलं न्हाई.

८ फेब्रुवारी
उद्याचा बेत. चहाला पंखा. जेवताना पोराला सवाल: नातीला, सृष्टीला, मार्क किती पडले? ह्या घरात बावन्न वर्षं चूल पेटवली. जमलंच पाहिजे. न्हाई जमलं तर… जमतंच.

९ फेब्रुवारी, रविवार
चहाला पंखा चालला! दोघं नवरा-बायको वर बघून राहिले. मल्लिनाथ म्हणला, जळमटं काढायला पायजेत. मनात म्हणलं, बघ लेका अजून.
मग आंघोळी. जेवणाआधी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, रोजची. तिघं एका वळीनं बसलो. लिंग डाव्या तळहातावर घेतलं तवा ध्यानात आलं. इथं नजर हातावरच ठेवावी लागते. साठ वर्षं ठेवली. पंख्याकडं कसं बघू? शेषेरावनं ह्याची थेरी सांगितलीच न्हाई.
हात लागला हालायला. सवाल टाकला, सृष्टीला मार्क किती? पूजेत कोण जवाब देतं? मंजुश्रीनं नुसतं नवऱ्याकडं बघितलं. मल्लिनाथनं त्याचा उजवा हात माझ्या हाताखाली धरला. पूजा होईस्तोवर. मग म्हणला, आई, कपडे भर.

२० फेब्रुवारी, लातूर
चौथा मजला. आज चहा सांडला. लगेच वर पंख्याकडं बघितलं. सृष्टी समोरच बसली होती, मोबाईलात. तिनं ना पंखा बघितला, ना हात. मीच उठून पुसलं.