लर्निंगवाल्याचं हेल्मेट

१६ एप्रिल
मोटरसायकलची परीक्षा झाली. निकाल तांत्रिक स्वरूपाचा. रंगवलेल्या चौकोनात यू-टर्न घेताना डावा पाय जमिनीला टेकला. मी टेकवला नाही. टेकला. परीक्षक मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. म्हणाली, "पुन्हा या हं, काका." तोवर लर्निंग लायसन्स आहेच.

घरी बायकोने, आर्लिसने, विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं. परीक्षा झालीच होती, त्यामुळे खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. तिने आनंदाने केक केला. दोन तुकडे खाल्ले. तिसरा उतरेना.

२१ एप्रिल
आमच्या विस्कॉन्सिनचा कायदा मोठा चमत्कारिक. मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नाही. सक्ती फक्त पोरांना आणि लर्निंगवाल्यांना. म्हणजे माझ्यासारखा पिकल्या केसांचा माणूस गावातल्या टॅव्हर्न-बारसमोर हेल्मेट घालून उतरला, की आतल्या सगळ्यांना कळणार, हा नापास आहे.

रविवारच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपमध्ये एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. ग्रुपचा म्होरक्या गेलन हाउगस्टॅड. तीस वर्षं सगळ्यांच्या पुढे चालवतोय. तो म्हणतो, "हेल्मेट घालायचं तर मग छोट्या पोरांच्या सायकलसारखी मागे दोन चाकंपण लावा की!" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

निर्णय : हेल्मेट विकत घेणार. बाइकच्या पिशवीत ठेवणार. सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता.

३ मे
ग्रुपबरोबर पहिली राइड. मी सगळ्यांत मागे होतो. भीतीने नव्हे, मागून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं. गेलनने कानमंत्र दिला, "वर्लिन, पुढचा ब्रेक आहे हेच विसरून जा. दाबलास की हँडलवरून उडालास." सगळ्यांनी माना डोलावल्या. लर्निंगच्या पुस्तकात नेमकं उलटं लिहिलंय, पण पुस्तक लिहिणाऱ्याने गेलनइतकी बाइक चालवली असेल का?

टॅव्हर्नमध्ये तळलेलं चीज खाताना दोनदा हातातून पडलं. इंजिनच्या कंपनांमुळे.

एकच खंत. समोरून येणारे बाइकवाले नमस्कार म्हणून डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात, आपण उलट दाखवायची असतात. मला हँडल सोडवेना. मान हलवली. एक जण घाबरून पार कडेला गेला. घरी आल्यावर गवत कापायच्या गाडीवर बसून सराव केला. तिच्यावर जमतं.

१७ मे
पेपरमध्ये बातमी. मोटरसायकलवरचा मुलगा गेला. वय बावीस, वेग भयंकर. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. मी पंचेचाळीसच्या वर जातच नाही. मागच्या ट्रॅक्टरनेसुद्धा हॉर्न दिला होता परवा.

२९ मे
आणखी एक गेला. प्यायलेला होता. मी राइडला अर्धीच बिअर घेतो. आजपासून तीही बंद. म्हणजे आता काळजीचं कारण उरलं नाही.

१४ जून
आजची बातमी वाचली नसती तर बरं झालं असतं. म्हातारा, शुद्धीत, हळू चाललेला. समोरून येणारी मोटार चौकात त्याच्या पुढ्यातच आडवी वळली. मोटारवाली बाई म्हणाली, "मला दिसलाच नाही हो तो." एवढा मोठा माणूस, एवढी मोठी बाइक! यात त्याने काय करायचं?

नकाशा काढला. आता मी चौक नसलेल्या रस्त्यांनीच जाणार.

२० जून
चौक टाळून दुकानातून स्क्रू आणले. दोन गावं आणि एक धरण लागलं. आर्लिसने विचारलं, स्क्रू तिथेच बनवून घेतलेस का?

५ जुलै
संकट. आर्लिसने झालरीचं लेदर जॅकेट आणलंय. म्हणते, "लायसन्स मिळून इतके दिवस झाले, मला मागे कधी बसवतोस?" लर्निंगवाल्याला मागे कुणाला बसवता येत नाही. मी म्हणालो, सीटचा बोल्ट ढिला आहे. ती पाना घेऊन आली. बोल्ट घट्ट निघाला. मग म्हणालो, माझी पाठ धरलीय. तेवढं मात्र खरं होतं, भीतीने धरली होती.

९ ऑगस्ट
गेलन गेला.

टॅव्हर्नहून घरी जाताना, काउंटी रोड 'बी'वर, डेअरीखालच्या वळणावर. दुपारी. ऊन होतं. आम्ही निघताना त्याने मला दोन बोटं दाखवली होती.

१० ऑगस्ट
सकाळपासून फरक शोधतोय. प्यायला होता का? त्याची बायको लॉयस म्हणते, थेंबभरही नाही. वेग? फार नव्हता. मोटार? नव्हती. हरीण? नव्हतं. वळताना रस्त्याच्या बाहेर गेला आणि खड्ड्यात पडला, एवढंच. पोलिस म्हणाला, "मागचंच चाक घासत गेलंय, पुढचा ब्रेक लावलेलाच नाही. आणि डोक्यावर काही असतं ना, तर उठून कपडे झटकले असते त्याने."

शेवटी एक फरक सापडला. त्याच्याकडे लायसन्स होतं आणि तीस वर्षांचा अनुभव. मग लक्षात आलं, हा फरक उलट्या बाजूचा आहे.

१५ ऑगस्ट
गेलनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ठरलं, की पुढच्या शनिवारी सगळ्यांनी गेलनसाठी राइड करायची, त्याच वळणावरून, गेलनसारखीच उघड्या डोक्याने. आर्लिस सगळ्यांसमोर म्हणाली, "मी वर्लिनच्या मागे बसणार. गेलनसाठी तरी नाही म्हणू नकोस." सगळे माझ्याकडे बघत होते. माझं तोंड म्हणालं, अर्थातच. मी म्हणालो नाही.

२२ ऑगस्ट, सकाळ
झोप नाही. आभाळ निरभ्र, एरवी मेलं या महिन्यात रोज कोसळतं. बॅटरीची वायर काढून ठेवली होती. आर्लिसने जोडली. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीशी लग्न करू नये.

हेल्मेट? आज? सगळ्यांसमोर? मग तिला मागे का बसवलंस, असं कुणी विचारलं तर?

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
खरं ते लिहितो.

आर्लिसने मला घट्ट धरलं होतं. तिचं कपाळ माझ्या मानेला लागत होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिचं डोकं. उघडं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

वळण आलं. ग्रुपमधल्या पोरांनी तिथे गेलनसाठी पांढरा क्रूस रोवलाय, फुलं बांधलीत. माझी नजर तिथेच चिकटली, आणि जिथे नजर तिथे बाइक. हे पुस्तकात आहे. लेखी परीक्षेत मी बरोबर लिहिलं होतं. बाइक सरळ क्रूसाकडे निघाली. हाताने काय दाबलं ठाऊक नाही, बहुतेक पुढचा ब्रेक. उडालो नाही. कडेच्या खडीत थांबलो. पाय टेकले, दोन्ही.

ग्रुप पुढे निघून गेला. मी म्हणालो, "आर्लिस, मी नापास आहे." ती म्हणाली, "कशात?" सांगितलं. हेल्मेटचंही सांगितलं, पिशवीत आहे म्हणून. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं चाचपलं. "आणि मला बसवलंस?" मग उतरून क्रूसापाशी जाऊन उभी राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

राइडच्या मागे लॉयसचा पिकअप होता, मोडलेल्या बाइक उचलायला. माझी न मोडलेली बाइक तिने चढवली. मी तिलाही सांगून टाकलं. म्हणालो, मी हेल्मेट घातलं असतं तर गेलन हसला असता.

आम्ही तिघं पुढे बसलो, लॉयसने पिकअप सुरू केला. मग म्हणाली, "अरे वर्लिन, त्याच्याकडे तरी कुठे लायसन्स होतं! तरुणपणी दोनदा नापास झाला, त्या मेल्या चौकोनात. मग गेलाच नाही परत. मी हेल्मेट आणून दिलं होतं. म्हणाला, घातलं तर पोरं ओळखतील ना गं. अजून खोक्यात आहे."

क्रूस मागे गेला. आर्लिस मधे बसली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला; तिने तो धरला नाही, पण स्वतःचा काढूनही घेतला नाही.

२३ ऑगस्ट
किल्ली आर्लिसकडे. वसंतात सुरक्षित चालवण्याचा वर्ग आहे, तिथे तिने दोघांची नावं घातलीत. तिचं आधी. तोवर नियम एकच. इंजिन असलेल्या कशावरही बसायचं तर हेल्मेट डोक्यात.

दुपारी गवत कापलं. हेल्मेट घालून. रस्त्यावरून ग्रुप गेला. सगळ्यांनी पाहिलं. मी डावा हात सोडून दोन बोटं दाखवली. कुणीही हसलं नाही, किंवा मला हेल्मेटच्या आतून ऐकू आलं नाही.

कुंपणापाशी यू-टर्न घेतला. पाय टेकला नाही.