एका ओळीचा ईमेल

मंगळवार संध्याकाळ, साउथहॅम्प्टन

माझ्या आवडत्या अमेरिकन बेसबॉल टीमने आज एका डावखुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, काढलं. सहा वर्षं तो खालच्या लीगमध्ये खेळत होता आणि सहा वर्षं मी इथे बसून त्याचा स्कोअर बघत होतो. कोपराच्या ऑपरेशननंतरही तो परत आला होता. साइटवर फक्त एक ओळ. त्याचं नाव, आणि पुढे ‘रिलीज्ड’. कोणी त्याला बोलावून सांगितलं असेल का?

वाईट वाटलं, मग लाज वाटली. शुक्रवारी मीच माझ्या वॉर्डातल्या डॉ. सायलीला एका ओळीचा ईमेल पाठवला, की तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. नागपूरहून एकटी आलेली मुलगी, व्हिसाही याच नोकरीवर. निर्णय वरचा होता, पण ती ओळ माझी. समोर का नाही सांगितलं? घाई होती? नाही, धीर नव्हता.

चहा तसाच ठेवून तिला फोन केला.

“सर, माझं काही चुकलं का?” तिने पहिलं हेच विचारलं.

चार दिवस हेच डोक्यात घेऊन ती शिफ्ट करत होती!

“नाही गं. पोस्टच बंद झाली. तुझं काम उत्तम आहे. हे मी समोर बसून सांगायला हवं होतं. चुकलो.”

ती रडली. मग एडिनबराला मित्राच्या विभागात जागा आहे, उद्या त्याच्याशी बोलतो, म्हणालो. मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

फोन ठेवताना म्हणाली, “सर, आज जरा नीट जेवते.”