आवडाबाईचा राब

ठाणे, शनिवार ता. २७ मार्च १८८६. सकाळी ६.

आजपासून नवे आयुष्य. काल तळ्याकाठी त्र्यंबकाने स्पष्टच सांगितले. त्याची बहीण कलावतीबाई, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, हिची बदली धुळ्यास झाली. पुढच्या शनिवारी निघणार. बाई विधवा, वय तेवीस, आणि पुनर्विवाहाला त्र्यंबकाची ना नाही. पण माझे नाव निघताच ती म्हणाली म्हणे, "तुझ्या मित्राने आजवर एक तरी काम शेवटास नेलंय का?"

माझ्याविषयी इतका बारीक विचार! म्हणजे मन आहे.

(कॉलेजवरून म्हणाली असेल. पण कॉलेज मी अर्धवट सोडलेले नाही. प्रोफेसर बाहेर जा म्हणाले, मी गेलो. परत बोलावतील म्हणून दीड वर्ष वाट पाहतो आहे. अर्धवट काम त्यांचे आहे.)

ठराव: आठवड्याच्या आत एक काम शेवटास नेणे. तिने ते डोळ्यांनी पाहणे. मग त्र्यंबकाने शब्द टाकणे.

सकाळी ९. 'स्वहस्तश्रम मंडळी' स्थापन केली. सेक्रेटरी मी. मेंबर त्र्यंबक आणि मधु. मधूने विचारले, फराळाचे काय? असल्या माणसांना घेऊन देश पुढे न्यायचा आहे.

कलावतीबाई रविवारी होडीने खाडीपलीकडे कळव्यास जाऊन आगऱ्यांच्या मुलींना आंब्याखाली शिकवते. आंब्याखालचे जरा झाडून द्या, एवढेच तिचे मागणे. एवढेच! मी सबंध कळवे लख्ख करणार. उद्याच.

आज घरच्या परसात सराव. केळीचे जुने खुंट काढणे, कुंपण बांधणे, मोरीचे पाणी अळवाकडे वळवणे.

दुपारी १२. एक खुंट अर्धा निघाला. हाताला तीन फोड. पाणी वळले, पण न्हाणीघरात. तीर्थरूप नाना पंचा नेसून उभे होते. म्हणाले, "जनार्दना, तू नुसता बसून राहिलास तरी घरावर उपकार होतील." दार आपटले.

संध्याकाळी आईने कुंपण बांधले. कल्पना माझीच होती.

रविवार ता. २८. पहाटे ५.

कुदळ, फावडे, बारा पाट्या, दोन खराटे. मधूजवळ दशम्या. मी बूट घातले आहेत. ती तिसऱ्या प्रहरी येईल, तेव्हा बाह्या वर केलेल्या असाव्यात.

सकाळी १०. कळवे. गाव रिकामे, सगळी माणसे मिठागरावर गेलेली. आंब्याखाली नुसता पाचोळा. ते काम मेंबरांना पाच मिनिटांचे, शेवटी करू. खरा शत्रू शेजारीच सापडला. आंब्याला लागून चांगला मोठा चौकोन, आणि त्यावर शेण, वर काटक्या-डहाळ्या, वर पाला, वर गवत, वर माती. इतकी पद्धतशीर घाण मी जन्मात पाहिली नाही. थर देऊन ठेवली आहे! अज्ञान म्हणतात ते हे. मुलींनी इथे बसून अक्षरे कशी गिरवावी?

त्र्यंबक म्हणाला, कुणाला तरी विचारू या. मी म्हणालो, तुझ्यासारखी विचारणारी माणसे होती म्हणूनच देश बुडाला. मधु म्हणाला, मग आधी दशम्या खाऊ.

दुपारी २. विजय! सगळी घाण पाट्यांनी खाडीत. ओहोटी होती, पाण्याने झरझर नेली. जमीन आरशासारखी. पाठ मोडली आहे, पण एक काम शेवटास गेले. सर्वस्वी. संपूर्ण.

संध्याकाळी ७. घरी.

लिहू नये असे वाटते. पण रोजनिशीशी खोटे बोलणार नाही.

आवडाबाई नावाची एक आगरीण मिठागरावरून आली. डोक्यावर पाटी. जमीन पाहून तशीच उभी राहिली. मग ओरडली, "मेल्यांनो, माजा राब खाडीन टाकलाव?"

राब.

शेण, डहाळ्या, पाला, गवत, माती असे थर देऊन चैत्र-वैशाखात भाजतात आणि त्या राखेत भाताचे रोप करतात, तो राब. तो नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. हे मला कुणी शिकवायला नको. गेल्याच महिन्यात लायब्ररीत 'राबाचा प्रश्न' यावर सव्वा तास स्पीच केले. शेतकऱ्याला रानातला पाला-डहाळी तोडू द्यावी म्हणून सरकारला गेलेल्या अर्जाचा मसुदाही माझाच. पण त्यात राब कागदावर होता. असा जमिनीवर पसरलेला असेल अशी कल्पना नव्हती.

तिला हे समजावून सांगू लागलो. अर्जाचे सांगितले. ती म्हणाली, "मंग तो अर्ज पसर नि त्यावर भात पेर."

नेमकी तेव्हाच कलावतीबाई होडीतून उतरली. तिने जमीन पाहिली, मला पाहिले, बूट पाहिले. रागावली नाही. आवडाबाईला म्हणाली, "मावशी, हे तिघं पुन्हा घालून देतील. मी सांगते ना." मग माझ्याकडे वळून, "द्याल ना?"

'द्याल ना' म्हणताना आवाज किंचित मऊ होता. मधूला तसे वाटले नाही. मधूला काय कळते?

घरी नानांना कुठून तरी कळले होते. म्हणाले, "गावभर शेणात लोळून आलास. प्रायश्चित्त घ्यायला नको, आपोआप झालं."

सोमवार ता. २९.

घरोघरच्या गोठ्यांतून शेण. रस्त्याकडेचा पाला. बांधावरची माती. त्र्यंबक कचेरीच्या आधी दोन तास आला. मधु न बोलता वाहतो आहे. याला अभिमान म्हणून नाहीच. बूट काढून टाकले. आणखी किती राहिले, असे आवडाबाईला विचारले. ती म्हणाली, "पुरा व्हईल तवा पुरा." या लोकांना हिशेबच ठाऊक नाही. माझ्या मते आणखी पंधरा दिवस.

मंगळवार ता. ३०. सायंकाळी.

माणसाला मान असतो की नाही?

सकाळपासून वाहत होतो. आवडाबाई मागून, "दादा, पाटी आर्दीच भरतंस का रं? शेन का तुला चावतं?" बायका फिदीफिदी हसल्या. गिळले. प्रेमासाठी माणूस काय गिळत नाही!

पाचाच्या सुमारास शाळा सुटल्यावर कलावतीबाई आली. आधी मधूकडे गेली. "मधुभाऊ, फार केलंत हो." मधूला भाऊ म्हणाली ते योग्यच, त्याचे रूपच तसे आहे. मग माझ्याकडे आली. मी बाह्या वर केल्या. म्हणाली, "जनूभाऊ, आंब्याखालचं झाडायचं राहिलंच ना?"

जनूभाऊ.

पाटी पायाशी भरून ठेवलेल्या पाट्यांवर फेकली. म्हणालो, मी कुणाचा भाऊ नाही आणि कुणाचा गडीही नाही. सेक्रेटरीपदाचा राजीनामा जागेवर दिला. तोंडी. मागे न पाहता होडीकडे चालू लागलो. तेजस्वी दिसलो असेन.

बुधवार ता. ३१.

अंग ठणकते. घरीच. माझ्यावाचून तिकडे काम ठप्प झाले असेल. बोलावणे येईल. आले तर दोनदा नाही म्हणणार, तिसऱ्यांदा जाणार.

दुपारी ३. दार वाजले. भाजीवाली.

गुरुवार ता. १ एप्रिल.

मधु वाटेत भेटला. त्याच्या अंगाला शेणाचा वास नव्हता. म्हणजे त्यानेही काम सोडले. मी म्हटलेच होते, सेक्रेटरीवाचून मंडळी चालत नाही. मला पाहून नुसती मान हलवली. शरमला असेल.

शुक्रवार ता. २.

राग गेला. मी तिला क्षमा करायला तयार आहे. 'भाऊ' ही चारचौघांत म्हणायची रीत आहे, त्यात नाकार कुठे? त्र्यंबकाला चिठ्ठी धाडली: उद्या स्टेशनावर जाताना शब्द टाकच. काम थोडे राहिले असल्यास ती गेल्यावर मी एकटा पुरे करीन, असेही सांग. सोमवारपासून. सोमवारी पाडवा आहे, तेव्हा मंगळवारपासून.

शनिवार ता. ३. दुपारी २.

ती सकाळच्या गाडीने गेली. त्र्यंबक स्टेशनावरून परस्पर माझ्याकडे आला. शब्द टाकला म्हणाला.

मी विचारले, मग?

म्हणाला, तिने सगळे नीट ऐकून घेतले. हसली नाही. एकच विचारले: जनूभाऊंनी पाटी फेकली तेव्हा किती पाट्या राहिल्या होत्या?

त्र्यंबकाने सांगितले, अकरा.

मंगळवारीच पुरा झाला राब, हे त्याला मधूकडून कळलेले. मी होडीत बसलो तेव्हा मधूने पाच उचलल्या, आवडाबाईने तीन. उरलेल्या तीन कलावतीबाईने स्वतः वाहिल्या, पदर खोचून. मग आंब्याखालचे झाडले आणि दिवे लागायच्या आत सगळी घरी. अकरा ऐकले आणि ती गाडीत बसली.

मी म्हणालो, अरे, अकराच आहेत असे मला कुणी सांगितले असते तर!

त्र्यंबक म्हणाला, "सांगायचं काय त्यात? तुझ्या पायाशीच तर होत्या."