चार अक्षरांचं कुलूप

१ फेब्रुवारी १९५८, पनवेल
एस.टी. स्टँडबाहेर चिंचा दिसल्या आणि वेणू आठवली. कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एकाच चिंचेचे दोन तुकडे करायचो. मोठा तुकडा ती नेहमी मला द्यायची. पंचेचाळीस वर्षं झाली. तिला पाठवायला म्हणून थोड्या घेतल्या.
दवाखाना छान आहे. कौलारू, मागे विहीर, मिठागरांवरून येणारा वारा. मी इथली नवी नर्स. जुन्या नर्स कमळाबाई मागच्या ओट्यावर बसून असतात. हसतात, पण कशालाच ओ देत नाहीत. आया रंभा रोडपालीची. म्हणाली, "बाय, तुमी तरी टिका. त्या ओट्यावर दोगींना जागा नाय."

३ फेब्रुवारी, सोमवार
विषारी औषधांच्या कपाटाला किल्ली नाही. पितळी कुलूप आहे, चार फिरत्या कड्यांचं, त्यांवर इंग्रजी अक्षरं. दर सोमवारी शब्द मी बदलायचा. डॉक्टरांनी बजावलं, कुणालाही सुचेल असा नको, जुना पुन्हा नको, आणि कागदावर तर मुळीच लिहायचा नाही. मी आपला औषधाचाच एक साधा शब्द लावला.

५ फेब्रुवारी
सकाळी कपाट उघडं! कुलूप फोडलेलं नव्हतं, शब्द जुळवून काढलेलं. आतलं काहीतरी खोकल्याच्या बाटलीत ओतलेलं. आपटा गावच्या भामाचं बाळ ते पिऊन निळं पडलं, कसंबसं वाचलं.
डॉक्टर म्हणाले, सोपा शब्द त्याला लगेच कळतो. कुणाला, ते सांगितलं नाही. काळजातला लावा, तो आठवडाभर टिकतो. मग तोही कळतो.
लहानपणीच्या आमच्या कुत्र्याचं नाव लावलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
कपाट बंद राहिलं. आज धाकट्या भावाचं नाव.
पेटीतल्या फोटोत मी एका कुत्र्याला बिलगले आहे. कुणाचा असेल?

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज वडिलांना आम्ही मारायचो ती हाक लावली.
दुपारी पुण्याहून पत्र आलं. 'प्रिय ताई.' सही ओळखीची नाही. मला भाऊ नाही — पण वहीत आहे. मागच्या सोमवारी. नाव मात्र लिहिलेलं नाही. लिहायचं नव्हतं ना.

२० फेब्रुवारी
मुद्दाम साधा शब्द लावून पाहिला. तासाभरात कुलूप सुटून जमिनीवर. दारात भामा, बाळाला घेऊन.
पुन्हा तीच हाक लावायला गेले — कुठली हाक? डॉक्टर म्हणाले, जुनी चालतच नाही. आईचं नाव लावलं असावं.
निघून जावं. पण तिकीट कुठलं काढू? घरी कोण —

२४ फेब्रुवारी, सोमवार
एकच मैत्रीण उरली होती. मोठा तुकडा देणारी. तिचं नाव लावलं.
माफ कर, गं.

१ मार्च
पहिल्या पानावर 'वेणू' लिहिलं आहे. कोण? चिंच आठवते. ती पुढे करणारा हात दिसतो. चेहरा —

३ मार्च, सोमवार
एकच नाव शिल्लक. इंग्रजीत चारच अक्षरं. माझं.
बाहेर भामाचं बाळ खोकतंय.
लावलं.
माझी शाल रंभेला. चांदीचा चमचा भामाच्या बाळाला. फोटो पुण्याला, 'ताई' लिहिणाऱ्याला. चिंचा वेणू नावाच्या बाईंना, मोठा तुकडा त्यांचा. कमळाबाईंना सांगा, ओट्यावर जरा सरकून बसा.
हे मी पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे.
सही —