बर्फावर थांबलेलं विमान

प्रिय सुधीर,

दुपारी केतकीचा फोन आला होता. तो ठेवल्यापासून मी घरात नुसती फिरते आहे. कॉलेजचे पेपर तपासायचे होते, ते तसेच पडलेत. शेवटी तुझ्या खुर्चीत येऊन बसले. आपल्या लेकीचं हे बोलणं तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आणि तू तर नाहीस. म्हणून लिहिते.

नाहीस असं तरी कसं म्हणू? कमलाजी फरशी पुसून गेल्या की बैठकीतून तुझी पावलं अजून ऐकू येतात. आधी चवडा टेकवून, अंदाज घेत टाकलेली. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ती थांबतात. परवा कमलाजीही हातातलं फडकं घेऊन थबकल्या. "भाभीजी, अंदर कोई है क्या?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून बैठक पुसताना त्या मोठ्याने भजन म्हणतात.

असं चालणं तू वैमानिक असताना परदेशातल्या त्या बर्फाच्या शहरातून घेऊन आलास. त्याआधी जिन्याच्या पायऱ्या गाळत चढणारा माणूस होतास तू.

तिथे काय झालं ते तू मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंस, कितीतरी वर्षं. विमान सुखरूप उतरलं होतं. मागे लोक फोन चालू करायला लागले होते. धावपट्टीवरून तू टर्मिनलकडे वळलास. रस्ता साफ केलाय, असं तुला रेडिओवर सांगितलं होतं. पण मधल्या वेळात पाऊस पडून गेला होता, पडताक्षणी गोठणारा, आणि डांबरावर त्याचा काचेसारखा थर बसला होता. डांबर काळंच दिसत होतं. शेवटच्या वळणावर तू पुढचं चाक वळवलंस. चाक वळलं, विमान वळलं नाही. ते सरळच जात राहिलं, अगदी सावकाश.

"सावकाश होतं ना, तेच वाईट," तू म्हणायचास. "सगळं दिसायला वेळ होता."

समोर तो माणूस होता, हातात नारिंगी उजेडाच्या कांड्या घेऊन विमानाला जागा दाखवणारा. त्याने कांड्या डोक्यावर नेऊन फुली केली, थांब म्हणून. तू ब्रेक दाबलेच होतेस. मग तो पळाला. पण त्याच्या पायाखालीही तोच बर्फ होता; तो पडला आणि विमान त्याच्यावर गेलं.

तो हॉस्पिटलमध्ये वारला. चौकशीत तुझा दोष निघाला नाही. सगळ्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तुला घरी पाठवलं.

मी फिजिक्स शिकवणारी बाई. मला वाटलं, मी तुला यातून सोडवेन. कागदावर घर्षणाचं गणित मांडलं. फिरतं चाक जमीन धरतं, घसरायला लागलेलं धरत नाही. तेवढ्या वजनाला त्या थरावर कोणीही थांबवू शकलं नसतं. तू चष्मा लावून सगळं नीट वाचलंस. "बरोबर आहे," म्हणालास. "यात तो कुठे उभा आहे?"



तू पुन्हा विमानात बसला नाहीस. आदर्श नगरातल्या या घरात, माझ्या नोकरीच्या गावात, तू राहायला आलास. शेजारच्यांना वाटायचं, कॅप्टनसाहेब लवकर रिटायर झाले, मजेत आहेत. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असायचं. दिवसभर तूही पोरांचे मांजे सोडवायचास. पण अंधार पडला, लोकांनी कागदी कंदील सोडले आणि ते नारिंगी उजेड हळूहळू आपल्या गच्चीकडे यायला लागले की तू खाली निघून जायचास. पहिल्या वर्षी मी मागोमाग आले, तर तू कपाटाकडे तोंड करून उभा होतास. "गेला का तो?" तू विचारलंस. मी विचारलं, कंदील?

एक मात्र मला कधीच पटलं नाही, सुधीर. केतकीने वैमानिक व्हायचं ठरवलं तेव्हा तू तिला अडवलं नाहीस, पण शिकवलंही नाहीस. ती किती विचारायची. "बाबा, बर्फावर टॅक्सी कशी करतात, जमिनीवरून विमान कसं चालवतात? मतलब, पुस्तकात वाचलंय, पण खरं कसं?" तू पेपर उलटायचास. "तू इथेच उडव. इथे बर्फ नाही." तिला वाटायचं, बाबांच्या मते माझी लायकीच नाही. अरे, तिच्या मनात हे राहू द्यायला तुला काहीच वाटलं नाही का?

आणि मग तू गेलासच. मे महिन्यात, राजा पार्कच्या बाजारातून भाजी घेऊन येताना, रिक्षात माझ्या शेजारी. बाहेर झळा लागत होत्या आणि तुझे तळहात गार पडले होते. मी ते चोळत राहिले. भैया रिक्षा पळवत होता आणि तू रस्त्याकडे बघत म्हणालास, "हळू." तेवढंच.

या वर्षी केतकीला परदेशात नोकरी लागली. अशा ठिकाणी की हिवाळाभर बर्फच. ती निघायच्या दिवशी सकाळी मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तू नको म्हणाला होतास, तरीही. इतक्या वर्षांत तुझ्याकडून ऐकलेलं तिला शिकवलं. वळणाच्या आधीच वेग कमी कर, वळणात नको. पुढचं चाक घसरलं तर आणखी वळवू नको, उलट थोडं सरळ कर, मग ते पुन्हा पकडेल. इंजिनं कितीही मंद असली तरी बर्फावर ती विमान ढकलतच असतात. आणि शंका आली की थांब, ओढून न्यायला गाडी मागव. मग त्या माणसाचंही सांगितलं.

तिने बॅगेची चेन लावली. मग म्हणाली, "बाबा मला घाबरत होते का?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी घाबरत होते." बरोबर सांगितलं ना मी?

आज तिचा आवाज फोनवर निराळाच होता.

"आई, आज कॅप्टन टॅक्सी करत होते, मी शेजारी होते. समोर कांड्या घेऊन माणूस उभा होता. वळणाच्या अलीकडे विमान जरासं सरकलं. मतलब, इतकं थोडं की कॅप्टन काही बोलले नाहीत. मी म्हटलं, थांबू या. ते म्हणाले, जागा समोरच तर आहे. मी परत म्हटलं, थांबू या, ओढून नेऊ देत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबवलं."

"मग?"

"मग इंजिनं बंद केली. मागे लोक चिडले होते. गाडी येईना. तो माणूस काय झालं ते बघायला आमच्याकडे चालत आला आणि विमानाच्या नाकासमोरच आपटला. वरून मला तो दिसेनासाच झाला, आई."

"उठला का?" मी विचारलं.

"उठला," ती म्हणाली. "कपडे झटकले, वर बघून हात केला. हसत होता." आणि आपली लेक रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "एक सांगू? हसू नकोस. विमान सरकलं ना, त्याच्या आधीच माझे पाय ब्रेकवर जाऊन तयार होते. मी नेले नव्हते."

मी हसले नाही. वर्गात मुलांनी असं काही विचारलं असतं तर मी सरावाचं, सवयीचं काहीतरी उत्तर दिलं असतं. तिला म्हटलं, "असू देत. काढू नकोस."

सुधीर, तो तू होतास का? मला उत्तर नको. पण तू असशील, तर तिथेच राहा. तुझ्याबद्दल मी तिच्यापासून यापुढे काही लपवणार नाही, आणि तिकडचा बर्फ वितळेपर्यंत तुला इकडे बोलावणारही नाही. घर अगदी शांत झालं तरी नाही. हा माझा शब्द.

तुझीच,
नलिनी